असल, नक्कल आणि अमानत

2023 च्या दिवाळीच्या सुमारास गंगापूर तालुक्यातली काही मराठा मंडळी माझ्याकडे उर्दू कागदांच्या झेरॉक्स घेऊन येऊ लागली. निजामकाळातल्या महसुली नोंदी होत्या त्या. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले होते आणि जुन्या नोंदीत ‘कुणबी’ हा शब्द सापडला तर लेकरांना दाखला मिळण्याची आशा होती. “सर, एवढं वाचून द्या,” असे म्हणून ते समोर बसत. शिकस्ता वळणातली ती अक्षरे लावताना मलाही घाम फुटे. कधी शब्द सापडे, कधी सापडत नसे. ज्याला सापडे त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही, आणि रिकाम्या हाताने उठून गेलेल्यांचाही नाही.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. कागद टिकतो तो कशामुळे?

आपल्या शहरात या प्रश्नाचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. औरंगजेबाने 1681 नंतर आयुष्याची उरलेली पंचवीसेक वर्षे दख्खनमध्ये काढली. राज्य चालवायचे म्हणजे लिहावे लागते. कोणत्या शिपायाला किती पगार, कोणाला कोणती जहागीर, दरबारात आज काय घडले, सगळ्याच्या नोंदी होत. ‘अर्ज-ओ-चेहरा’ नावाच्या कागदावर शिपायाचे नाव, बापाचे नाव, रंग, चेहऱ्यावरचा तीळ किंवा व्रण, आणि त्याच्या घोड्याचा रंग व डाग लिहिलेला असे. म्हणजे ते त्या काळचे ओळखपत्रच. फर्मान निघाले की ते ज्या दप्तरांतून जाई तिथे त्याची नोंद होई आणि मागच्या बाजूला शिक्के व शेरे पडत. असल कागद मालकाकडे आणि नक्कल दप्तरात, अशी ती रीत होती. आजही तहसीलमध्ये आपण ‘नक्कल काढायला’ जातो, तो शब्द याच कारभारातून आपल्या तोंडी आला आहे.

शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले असे सुमारे दीड लाख कागद औरंगाबादच्या किलेअर्कमध्ये पडून होते. 1916 साली ते निजाम सरकारने हैदराबादला हलवले. आज ते तेलंगणा राज्याच्या अभिलेखागारात आहेत. त्यातले काही निवडून डॉ. युसूफ हुसेन खान यांनी 1950 मध्ये शाहजहानकालीन कागदांचा संग्रह छापला, म्हणून अभ्यासकांना ते घरबसल्या वाचता आले. किलेअर्कचे मात्र आता थोडे अवशेषच उरलेत. कागद तिथेच राहिले असते तर त्यांचे काय झाले असते, हे सांगायला ज्योतिषी नको.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. कागद हैदराबादला गेले ते असल गेले. इथे नक्कल राहिली नाही. नेणे वेगळे आणि नक्कल ठेवणे वेगळे. 1956 साली मराठवाडा हैदराबादपासून सुटला, तरी निजामकाळाचे पुष्कळ कागद तिकडेच राहिले. म्हणूनच 2023 मध्ये शिंदे समितीला नोंदी पाहायला हैदराबाद गाठावे लागले. आमच्या आजोबांची ओळख दुसऱ्या राज्याच्या कपाटात, अशी ही अवस्था आहे.

एकाच जागी ठेवलेल्या गोष्टीचे काय होते, हे पुण्यानेही पाहिले आहे. 5 जानेवारी 2004 रोजी भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि पोथ्या-ग्रंथांची नासधूस झाली. तिथे पूर आला नव्हता, आग लागली नव्हती. माणसाचा राग पुरेसा झाला.

नक्कल कशी ठेवावी, याचा सर्वांत जुना धडा आम्हा मुसलमानांच्या घरातच आहे. यमामाच्या लढाईत पुष्कळ हाफिज शहीद झाले, तेव्हा हजरत उमर यांना काळजी वाटली की कुरआन ज्यांच्या छातीत आहे ते असेच जात राहिले तर? त्यांच्या आग्रहावरून हजरत अबू बक्र यांनी जैद बिन साबित यांच्याकडे संकलनाचे काम सोपवले. जैद स्वतः हाफिज होते, तरी नुसत्या आठवणीवर त्यांनी विसंबले नाही. लिहिलेले आणि पाठ असलेले ताडून पाहिले. ती प्रत पुढे हजरत हफ्सा यांच्याकडे राहिली. हजरत उस्मान यांनी तिच्यावरून प्रती करवून वेगवेगळ्या शहरांत पाठवल्या, आणि परंपरा सांगते की प्रतीबरोबर ती वाचून दाखवणारा कारीही पाठवला. नक्कल हवी, ती वेगळ्या जागी हवी, आणि ती वाचता येणारा माणूसही हवा, असे तीन धडे यात आहेत.

असाच धडा इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणात एकनाथ महाराजांनी दिला. ज्ञानेश्वरीच्या प्रती गावोगाव होत्या, पण उतरवणाऱ्यांच्या हातून पाठभेद शिरले होते. नाथांनी अनेक प्रती जमवून, ताडून 1584 मध्ये शुद्ध पाठ सिद्ध केला. प्रती पुष्कळ असणे पुरेसे नसते. चुकीच्या प्रतीची नक्कल केली तर चूकच शंभर ठिकाणी पोचते.

हे सगळे मला आधीपासून ठाऊक होते, वर्गात शिकवलेही होते. तरीही चूक झाली.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही शिक्षकांनी मिळून मुलांसाठी एक संकेतस्थळ केले होते. वाळूजच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या घरांतली मुले मराठवाड्याच्या गावांतून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली. त्यांनी दादी-नानीला विचारून घराण्याच्या गोष्टी लिहायच्या, जमल्यास आवाज टिपायचा, असे ठरले. दख्खनी गाणी आली, जात्यावरच्या ओव्या आल्या, पोलीस ॲक्शनच्या आठवणी आल्या. मग संकेतस्थळाची वर्गणी भरायची सूचना बदली होऊन गेलेल्या सहकाऱ्याच्या ईमेलवर जात राहिली. खाते बंद झाले. जागा देणाऱ्या कंपनीला विचारले तर कळले, खात्याबरोबर त्यांच्याकडची बॅकअपही पुसली गेली. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये काही पाने सापडली, पण आवाज नव्हते. एका मुलीची दादी त्याआधी करोनात गेली होती. “सर, दादीचा आवाज आहे ना तुमच्याकडे?” असे तिने विचारले, तेव्हा मला खाली बघावे लागले.

आमचे दुःख लहान होते. 10 मार्च 2021 च्या रात्री फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर जळून खाक झाले आणि असंख्य संकेतस्थळे बंद पडली. काहींची बॅकअपसुद्धा त्याच आवारात होती, ती आगीतच गेली. ‘क्लाउड’ म्हणजे आभाळातला ढग नव्हे, कोणाच्या तरी इमारतीतले यंत्रच असते. आपल्या महाराष्ट्रातही अशा इमारती आहेत: मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुण्यात, तर अ‍ॅमेझॉनने 2016 मध्ये मुंबईत आपली केंद्रे सुरू केली.

दुसऱ्यांदा संकेतस्थळ उभारताना आम्ही इतिहासाचे ऐकले. बॅकअपची सेवा निवडताना पहिली अट ही की जिथे संकेतस्थळ आहे ती कंपनी आणि जिथे नक्कल आहे ती कंपनी वेगळी असावी, खातेही वेगळे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी, हा संगणकवाल्यांचा नियम आम्ही पाळतो. संकेतस्थळाचे दोन भाग असतात, फायली आणि डेटाबेस. नुसती चित्रे आणि आवाज उतरवून घेतले आणि डेटाबेस राहिला तर लेख जातात. आमचे स्थळ वर्डप्रेसवर आहे, म्हणून अपड्राफ्टप्लस हे जोडसाधन घेतले. ते ठरलेल्या वेळी दोन्ही भाग गूगल ड्राइव्हवर पाठवते. तिथे 15 जीबी फुकट मिळतात, आवाज वाढले की पैसे मोजावे लागतात. पैसे मोजून सेवा घेताना आम्ही दोन गोष्टी विचारल्या: मागच्या किती दिवसांच्या प्रती ठेवता, आणि परत उतरवून घ्यायला वेगळे पैसे लागतात का? पहिली महत्त्वाची, कारण आज पान बिघडले आणि रात्री बिघडलेल्या पानाचीच नक्कल झाली, तर कालची प्रत हाताशी हवी. नाथांना जुन्या प्रती मिळाल्या नसत्या तर त्यांनी तरी काय ताडले असते?

तिसरी प्रत एका हार्ड डिस्कवर आहे आणि ती डिस्क जालन्यातल्या एका सहकाऱ्याच्या घरी असते. खाते आता एका माणसाच्या ईमेलवर नाही. पासवर्ड बंद लिफाफ्यात दोघांकडे आहे, कारण कुलूप लावलेल्या प्रतीची किल्ली हरवली तर प्रत असून नसल्यासारखी. आणि वाचणाऱ्याचीही सोय केली. जुने उर्दू लेख इनपेजच्या फायलींत होते, काही मराठी लेख जुन्या फॉन्टमध्ये होते. ते सगळे युनिकोडमध्ये आणले, नाहीतर उद्या त्यांची गत मोडी दप्तरासारखी होईल: रुमाल भरून कागद आणि वाचणारा शोधावा लागतो.

राहता राहिली परीक्षा. तरावीहमध्ये हाफिज कुरआन ऐकवतो तेव्हा त्याच्या मागे सामेअ उभा असतो, अटकला की लुकमा देतो. पाठ आहे असे म्हणणे पुरत नाही, दरवर्षी ऐकवावे लागते. म्हणून शाबान महिन्यात, हाफिज मंडळी आपला दौर करत असतात तेव्हा, आम्हीही एका रिकाम्या संगणकावर सगळी नक्कल उतरवतो आणि संकेतस्थळ उभे राहते का ते पाहतो. पहिल्या वर्षी राहिले नाही. डेटाबेसची फाइल अर्धवट निघाली होती. ते रमजानच्या आधी कळले, खाते बुडाल्यावर नाही.

मुलीच्या दादीचा आवाज परत आला नाही. तिच्या मामाच्या जुन्या मोबाइलमध्ये एका लग्नाचा व्हिडिओ सापडला, त्यात ती दोन ओळी गाते. लोकांनी आपल्याकडे दिलेली गोष्ट ही अमानत असते, आणि अमानतीचा हिशोब द्यावा लागतो. त्या दोन ओळी आता तीन ठिकाणी आहेत.