घड्याळजीचे हत्यार

घड्याळातल्या चाकाचा आस सुईसारखा बारीक. तो कातायचे हत्यार कुठून येई, ठाऊक आहे? जुना कारागीर ते घरीच करी. झिजलेली कानस निखाऱ्यात लाल करून राखेत सावकाश निवू द्यायची, म्हणजे पोलाद मऊ पडते. टोक तिरपे घासायचे, पुन्हा लाल करून पाण्यात बुडवायचे. आता ते कठीण झाले खरे, पण काचेसारखे ठिसूळ! म्हणून चकचकीत घासून मंद आचेवर धरायचे. वाळल्या गवताचा पिवळा रंग चढला की पुरे. निळा आला तर ते स्प्रिंगेच्या कामाचे, कातायच्या नव्हे. हातखंब्याकडच्या मंडळींनी लोहाराला कोयतीला पाणी देताना पाहिले असेल, विद्या तीच.

इ.स. १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉड्सलेने लेथवर हत्यार लोखंडी सरकत्या पकडीत बसवले. तोवर बहुतेक कातकाम हत्यार हातात धरूनच चाले. हा मॉड्सलेही लोहारशाळेत तयार झालेला, बरं का!

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर नांगरांचा कारखाना उभारला, आणि १९४१ साली किर्लोस्करांनी हरिहरला लेथचा कारखाना काढला. तरी लेथमध्ये बसवायच्या हत्याराला धार मात्र कारागीर स्वतःच सहाणेवर लावी.