खिळे, कोश आणि सेवा

विल्यम केरी (१७६१–१८३४) यांचे नाव मराठी वाङ्मयेतिहासात बहुधा दोन ग्रंथांपुरते येते: १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८१० चा मराठी-इंग्रजी कोश. पहिल्यात नागरी अक्षरे आहेत, दुसऱ्यात मोडी. एवढी नोंद करून आपण पुढे जातो. पण हे ग्रंथ श्रमाविषयीच्या कोणत्या धारणेतून निपजले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

केरी मूळचे इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातले, जोडे शिवण्याचे काम शिकलेले. ईश्वराचे बोलावणे केवळ मठात किंवा वेदीपाशी येत नाही, चांभाराच्या आरीपाशीही येते, हा ल्यूथरपासूनचा प्रॉटेस्टंट विचार त्यांच्या भोवतालच्या धर्मजीवनात मुरलेला होता. या विचारात कामाची प्रत हीच भक्तीची कसोटी ठरते. मालक पाहत असो वा नसो, टाका नीट पडला पाहिजे. कारण तो खरोखर मालकासाठी घातलेलाच नसतो. १७९३ मध्ये बंगालात आल्यावर केरींनी पुढल्या वर्षी निळीच्या कारखान्यावर नोकरी धरली आणि १८०१ पासून फोर्ट विल्यम कॉलेजात अध्यापन केले. आपल्यापाशी चिकाटीने रेटत राहण्याखेरीज दुसरा गुण नाही, असे त्यांनी पुढे आपल्या पुतण्याला सांगितले. त्यात विनय आहे. पण कोशकाराला याहून मोठा गुण कोणता लागतो?

१८०० मध्ये हुगळीकाठच्या श्रीरामपुरात केरी, शाळा चालवणारे मार्शमन आणि व्यवसायाने मुद्रक असलेले वॉर्ड एकत्र आले. केरींचा पगार, शाळेचे शुल्क, छापखान्याची मिळकत, सारे सामाईक खजिन्यात जाई. धर्मोपदेश हे एक काम आणि प्रुफे तपासणे हे दुसरे, कमी प्रतीचे, अशी विभागणी तेथे नव्हती. ११ मार्च १८१२ रोजी छापखान्याला आग लागली. कागद, खिळे आणि वर्षानुवर्षे सिद्ध केलेली हस्तलिखिते भस्मसात झाली. अक्षरांचे मूळ ठसे मात्र वाचले. वितळलेल्या धातूतून पुन्हा खिळे पाडले गेले आणि काम सुरू झाले.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. सावता माळ्यांचा मळा आणि गोरोबांचे चाक आपल्या परिचयाचे आहे. तरीही साम्य फार ताणण्यात अर्थ नाही. सावतोबांना मळ्यापलीकडे काही साधायचे नव्हते. श्रीरामपूरच्या मंडळींना भाषा हवी होती ती बायबलासाठी, धर्मप्रसारासाठी. हेतू उघड होता आणि त्याची चिकित्सा व्हायलाच हवी.

परंतु चिकित्सा तेथेच थांबली, तर या इतिहासातील खरा पेच निसटतो. केरींचे मराठी ग्रंथ केरींनी एकट्याने घडवलेले नाहीत. फोर्ट विल्यमचे मुख्य मराठी पंडित वैजनाथ यांचे साहाय्य केरींनीच मान्य केले आहे. 'सिंहासन बत्तिशी' (१८१४) आणि 'हितोपदेश' (१८१५) ही मराठी भाषांतरे याच वैजनाथांची. श्रीरामपूरचे ठसे कोरले पंचानन कर्मकार यांनी आणि त्यांच्यानंतर त्यांचे जावई मनोहर यांनी. मिशनच्या लेखी एकाचे श्रम 'सेवा' ठरले, इतरांचे 'वेतनाचे काम'. शब्दाचा अचूक अर्थ सापडेपर्यंत थांबणारा पंडित किंवा अक्षराची वेलांटी बिनचूक उतरेपर्यंत पोलाद घासणारा कारागीर यांची निष्ठा कोणत्या सदरात मांडायची?

१८३९ मध्ये केनेडी नावाच्या एका पाद्र्याने मनोहरांना काम करताना पाहिले. बायबलासाठी लागणारी अक्षरे ते घडवत होते, आणि डोक्यावर, भिंतीशी, त्यांचा देव होता. त्याच्या छत्राखालीच ते कामाला बसत. कामाची प्रत हीच भक्तीची कसोटी, हे केरींचे सूत्र प्रामाणिकपणे लावायचे, तर मनोहरांचीही पूजा रुजू झाली असे म्हणावे लागते. ती कोणत्या देवाला, हे ठरवण्याचा अधिकार ना मिशनच्या वहीला आहे, ना आपल्याला. वाङ्मयेतिहासाने करण्याजोगे एकच आहे. केरींच्या नावाशेजारी वैजनाथ, पंचानन आणि मनोहर ही नावे त्याच आकाराच्या खिळ्यांत जुळवावीत.