शिळा पाव आणि शहाडचे कटलेट

कल्याण सोडून कसाऱ्याच्या वाटेला लागलेली गाडी ज्या पहिल्या स्थानकात थांबते, त्या शहाडच्या नावे इतिहासाच्या दप्तरात फारसे काही जमा नाही. शेजारच्या कल्याणाचा उल्लेख कान्हेरीच्या शिलालेखांत आहे, १६५७ साली शिवछत्रपतींनी ते आपल्या अमलाखाली आणल्याची हकीकत शाळकरी मुलांसही ठाऊक असते, आणि पेशवाईच्या कागदांत तर हा प्रांत वारंवार भेटतो. उल्हास नदीकाठच्या शहाडला असा मान लाभला नाही. असे असूनही, उकडलेल्या बटाट्यात गाजर, फरसबी, मटार कालवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून कुरकुरीत तळलेले कटलेट मराठी मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात कोणकोणत्या वाटांनी शिरले याचा शोध घ्यावयाचा झाल्यास, कल्याणच्या वैभवापेक्षा शहाडचा अलीकडचा, धुराचा आणि घामाचा इतिहास अधिक कामास येतो. कारण आगगाडी, लष्कर, निर्वासित आणि कारखाना या ज्या चार शक्तींनी हा पदार्थ घरोघर पोहोचविला, त्या चारही सुमारे शंभर वर्षांच्या अवधीत या गावाच्या वेशीवर एकामागून एक येऊन ठाकल्या.

कटलेटच्या पोटातील बटाट्याविषयी आमच्याकडे मोठासा वाद झाला नाही. तो परदेशी खरा. परंतु पुणे जिल्ह्यातील खेड, जुन्नर या बाजूस त्याने असे काही बस्तान बसविले, की उपवासाच्या पानावरही त्यास कोणी मज्जाव केला नाही, आणि ज्या आचारधर्माने चातुर्मासात कांदा-लसणीस दाराबाहेर ठेवले त्यानेच समुद्रापलीकडून आलेल्या या कंदास एकादशीची मुभा दिली, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. खरा प्रश्न होता तो आवरणाचा. साष्टीत पोर्तुगीजांचा अंमल असेतोवर, म्हणजे १७३७ साली ठाणे आणि १७३९ साली वसई मराठ्यांच्या हाती येईपर्यंत, खाडीपलीकडे पावाच्या भट्ट्या आणि अलीकडे भाकरीचे तवे अशी जणू सरहद्दच पडलेली होती. आणि विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या कथा वसईपासून दक्षिण कोकणापर्यंत इतक्या पिढ्या सांगितल्या गेल्या, की फिरंग्यांचा मुलूख गेला तरी पावाचा धाक मागे उरला. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे प्रभृती मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, त्यावरून केवढे ग्रामण्य माजले आणि प्रकरण शंकराचार्यांच्या वतीने झालेल्या चौकशीपर्यंत व प्रायश्चित्तापर्यंत कसे गेले, हे सर्वश्रुतच आहे. ज्या समाजात बिस्किटाच्या तुकड्यावरून प्रतिष्ठित गृहस्थांस वाळीत टाकण्याची भाषा झाली, त्याच समाजातील सुवासिनी पुढच्या दोन-तीन पिढ्यांत हळदीकुंकवाच्या ताटलीत पावाच्या चुऱ्याचे कटलेट ठेवू लागल्या. तेव्हा कटलेटचा इतिहास हा मुख्यत्वे पावाच्या चुऱ्याचा इतिहास आहे, असे मी समजतो.

मूळचे कटलेट मांसाचे. बकऱ्याच्या बरगडीचा काप हाडासकट ठेचून, अंड्यात बुडवून, पावाच्या चुऱ्यात लोळवून तळावयाचा ही युरोपीय रीत. साहेबाच्या बंगल्यातून ती खानसाम्यांच्या आणि गोवेकर आचाऱ्यांच्या हाती आली, तेथून क्लबांत, लष्करी मेसमध्ये आणि आगगाडीच्या उपाहारगृहांत गेली, आणि या वाटचालीत हाड कोठेतरी गळून पडून कापाच्या जागी खिमा आला. निरामिष कटलेट प्रथम आपल्याच गृहिणींनी योजिले असे कोणी समजू नये. विलायतेतील शाकाहाराच्या पुरस्कर्त्यांनीही ते केले होते, आणि त्यांच्या पाककृतींत डाळीच्या अगर भाजीच्या गोळ्यास बरगडीचा आकार देऊन टोकाशी मॅकरोनीचा तुकडा हाड म्हणून खोचावा, अशी सूचना कधीकधी आढळते! आमच्याकडे मॅकरोनी आली नाही, परंतु आकार मात्र आला: एका बाजूस रुंद आणि दुसरीकडे निमुळता असा जो बदामी घाट आपण हाताने देतो, तो त्या गळालेल्या हाडाचीच आठवण बाळगून आहे, आणि बीट किसून आणलेला तांबडा रंगही, माझ्या मते, त्याच घराण्यातला. कट्टर शाकाहारी सुगरणीस हे न सांगितलेले बरे.

१ ऑक्टोबर १८५५ रोजी कल्याण ते वासिंद लोहमार्ग खुला झाला, तेव्हा शहाडच्या शिवारातून प्रथम आगगाडी धावली. १८६१ मध्ये रूळ कसाऱ्यास भिडले आणि पुढे थळघाट चढून देशावर गेले. प्रवासात सोवळे सैल होते ही आपली जुनी वहिवाट, आणि आगगाडीने या सैलपणास वेळापत्रकच लावून दिले. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे दरम्यान डेक्कन क्वीन सुरू झाली आणि तिच्या भोजनयानातील कटलेट कालांतराने नोकरदारांच्या कौतुकाचा विषय झाले. १९३६ साली मुंबईत चर्चगेटला इंडिया कॉफी हाउस निघाले, आणि त्याच परंपरेतील कॉफीगृहांचे बिटाचे कटलेट पुढे केरळ-बंगालपर्यंत विख्यात झाले. घरी जे चालत नसे ते गाडीत चालून गेले आणि गाडीत चाललेले हळूहळू घरी चालू लागले.

शहाडची विशेष कामगिरी सुरू होते ती येथून. दुसऱ्या महायुद्धात सरकारने कल्याणलगत मोठी लष्करी छावणी वसविली, आणि फाळणीनंतर सिंधमधून परागंदा झालेल्या हजारो कुटुंबांस तिच्याच ओसाड बराकींत आसरा मिळाला; ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. यातील कँप नंबर एकच्या रहिवाशांस जवळचे स्थानक शहाड. सिंधी घरात पावास डबल म्हणतात, आणि तेथे त्याच्याशी कसलाही विटाळ चिकटलेला नाही: उसळीबरोबर, डाळीबरोबर डबल चालते, आणि आदल्या दिवशीचा पाव उरला तर कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लसूण यांच्या रश्शात तो शिजवून सेयल डबल नावाचा एक अतिशय रुचकर पदार्थ होतो. ज्यांनी घरदार मागे टाकून बराकीत संसार मांडला त्यांना शिळा तुकडा फेकून देणे परवडणारे नव्हते. आणि शिळ्या पावासही स्वयंपाकात मानाचे पान असू शकते हे शेजारच्या मराठी बिऱ्हाडांनी पाहिले ते बहुधा येथेच.

पाठोपाठ कारखाने आले. पलीकडे मोहने येथे नॅशनल रेयॉन आणि खुद्द शहाडास सेंच्युरी रेयॉन असे कृत्रिम रेशमाचे दोन प्रचंड उद्योग स्वातंत्र्याच्या आगेमागे, पहिल्या दशकभरात, उभे राहिले. सेंच्युरीच्या आवारालगतचे बिर्लांचे विठ्ठलमंदिर आजही गावची मोठी खूण आहे. पाळीचा भोंगा, ठरलेल्या तारखेचा पगार आणि एका भिंतीपलीकडे दुसऱ्या प्रांताचे बिऱ्हाड, अशा वसाहतीत पाककृती कोणत्याही पुस्तकापेक्षा जलद फिरतात. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले आणि लग्न झालेल्या मुलींच्या पेटीत जाऊन बसले. परंतु तोवर कटलेटची विद्या जिन्यावरून आणि नळावरून बरीच पुढे गेली असावी.

या विद्येतील कौशल्य मुख्यतः दोन अडचणींवर मात करण्यात आहे. पहिली अडचण अंड्याची. चुरा चिकटावा म्हणून साहेबाचा आचारी फेटलेले अंडे घेई. ते वर्ज्य असलेल्या घरांत मैद्याचे ताकासारखे पातळ पीठ आले, कोठे तवकीर आली, पुढे कॉर्नफ्लोअर आले, आणि हे पीठ तापलेल्या तेलात क्षणार्धात आवळून चुऱ्यास धरून ठेवते, म्हणून अंड्याची उणीव कोणास जाणवली नाही. दुसरी अडचण खुद्द पावाची, आणि तिचा जो तोडगा मराठी बायकांनी काढला तो मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत चतुर वाटतो: त्यांनी पावाऐवजी रवा घेतला. कोकणच्या किनाऱ्यावर बोंबील आणि सुरमईचे तुकडे रव्यात घोळवून तव्यावर परतण्याची रीत मुरलेली होतीच; तीच सोवळ्यातल्या बटाट्यास लावली गेली, आणि मासे ज्यांच्या उंबरठ्याआत कधी आले नाहीत अशा घरांतही माशांचे आवरण बिनबोभाट नांदू लागले. रव्याचे कटलेट तव्यावर थोड्या तेलात होते, कढई लागत नाही. तरीही खाणाऱ्यास फरक कळतो. रवा दाताखाली करकरतो, पावाचा चुरा खुसखुशीत फुटतो, आणि ज्याने एकदा दुसरे चाखले तो पहिल्यावर पुन्हा मनापासून खूश होत नाही.

हा पदार्थ वरवर सोपा दिसतो, पण गफलत खपवून घेत नाही. बटाटे सालीसकट उकडून पुरते निवू द्यावे लागतात. चिरून पाण्यात शिजविलेल्या बटाट्यात पाणी राहते, त्या पाण्याची तेलात वाफ होते आणि कटलेट उकलते. फरसबी-गाजर वाफवून निथळून घ्यावे, बिटाचा कीस पिळून घ्यावा, आणि सारण तरीही सैल राहिले तर त्यात पिठाची भर न घालता भिजवून पिळलेला पाव किंवा पोहे कुस्करावेत. आतले सर्व आधीच शिजलेले असल्यामुळे तळणीचे काम केवळ कवचापुरते; म्हणून आच बेताने मोठी हवी, मंद तेलात चुरा तेल पितो. रॉकेलच्या रेशनवर चालणाऱ्या स्टोव्हवर ही आच राखणे जिकिरीचे होते. पुढे गॅसची शेगडी घरोघर आली आणि कटलेट सणावारातून उतरून रविवारच्या न्याहारीत आले.

पावाचे पुढे काय झाले तेही सांगावयास हवे. १९६५ साली केंद्र सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली आणि यंत्राने कापलेला, कागदात गुंडाळलेला पाव सरकारी नाममुद्रेने बाजारात आला. ज्या पावाची निर्मिती हुकुमतीच्या शिक्क्यानिशी होते, त्यास बाटगा म्हणणार कोण? मध्यमवर्गाच्या मनातील उरलासुरला किंतु त्या कागदाने झाकून टाकला असे मला वाटते, आणि चौकोनी पावाच्या कडा, ज्या मुले खात नसत, त्या कटलेटकरिता डब्यात साठू लागल्या. आता किराणा दुकानांत चुऱ्याच्या तयार पुड्याही मिळतात, परंतु तो चुरा पिठासारखा एकजीव असतो. घरच्या चुऱ्यातील तपकिरी कड आणि पांढरा गाभा यांची भेसळ त्यात नाही, त्यामुळे कवचास तसा खडबडीतपणा येत नाही. ताजा पाव या कामी निरुपयोगी आहे. तो किमान एक रात्र उघडा राहिलेला असावा, आणि उल्हासच्या काठी पावसाळ्यात हवा इतकी ओली असते, की तेवढ्यानेही भागत नाही, चुरा कोरड्या तव्यावर मंद आचेने परतूनच घ्यावा लागतो.