दुबळ्या पेशींचे ऋण

यंत्रातील एखाद्या भागाचे काम काय, हे पुष्कळदा तो भाग बिघडल्यावरच ध्यानात येते. सजीव पेशींच्या संशोधनातही असेच घडले.

अतिनील किरणांनी पेशीतील डीएनए या आनुवंशिक द्रव्यास इजा होते. निरोगी पेशी ती दुरुस्त करते. झेरोडर्मा पिग्मेंटोझम या दुर्मिळ रोगात ही दुरुस्तीची शक्तीच उणी असते, असे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ साली दाखविले. अशा मुलांना सूर्यप्रकाशही घातक. त्यांच्या त्वचेस कोवळ्या वयातच कर्करोग जडतो. परंतु नेमके कोणते जनुक बिघडले, हे ओळखावे कसे?

येथे एक इवलासा प्राणी उपयोगी पडला. थिओडोर पक यांनी १९५७ च्या सुमारास चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातील पेशी काचपात्रात वाढविल्या होत्या. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात लॅरी थॉम्पसन व त्यांचे सहकारी यांनी त्यांतून, किरणांच्या अल्प मात्रेनेही मरणारे पेशीवंश निवडून जतन केले. अशा दुबळ्या पेशींत मानवी डीएनए घालून मग त्यांवर घातक द्रव्याचा प्रयोग करावयाचा, अशी युक्ती निघाली. बहुतेक पेशी मरत. ज्या थोड्या तगत, त्यांच्यात उणीव भरून काढणारे मानवी जनुक शोधता येई. याच मार्गाने रॉटरडॅमच्या संशोधकांनी १९८४ साली ‘ईआरसीसी-१’ हे जनुक हस्तगत केले. पुढे या रीतीने सापडलेल्या जनुकांपैकी काहींतील बिघाड हेच त्या रोगाचे कारण ठरले.

रोग समूळ बरा करणारा उपाय अद्याप नाही. परंतु जनुक ठाऊक असल्याने निदान निश्चित होते, आणि लेकराला उन्हापासून जपावयाचे, हे आईबापांस वेळीच कळते.