गोळीचा सदरा

आमच्या घरी ठासणीची बंदूक होती. शेतराखणीच्या परवान्यावरची. भात पोटरीला आलं की डोंगरातून रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत कुणग्याचा कुणगा लोळवून टाकायची. तेव्हा आजोबा ती बंदूक घेऊन मांगरात जागत बसायचे. मी दहा वर्षांचा असेन. कंदील धरायला मला न्यायचे.

गोळ्या घरीच ओतायच्या. मागीलदारी चूल पेटवून लोखंडी पळीत शिसं वितळवायचं. शिसं कुठलं, तर खाडीवरच्या मासेवाल्यांच्या फाटक्या जाळ्यांचं. दोन मुठींचा लोखंडी साचा आधी निखाऱ्यावर तापवायचा. थंड साच्यात ओतलं तर गोळीला सुरकुत्या पडतात, आणि साचा ओला असला तर शिसं तडतडून अंगावर येतं. आजोबांच्या मनगटावर रुपयाएवढा चट्टा होता, तो त्यातलाच.

गोळी गार झाली की तिला कागद गुंडाळायचा. "झिला, गोळयेक नागडी सोडूची नाय," आजोबा म्हणत, "तिका सदरो होयो." गोळी नळीपेक्षा किंचित बारीकच ठेवावी लागते. दोन-चार बार झाले की दारूची काजळी आत धरते, मग बेताची गोळी गजाने ठोकूनही उतरत नाही. पण बारीक गोळी नळीत खुळखुळते. दारूचा जोर तिच्या बाजूने निसटतो, आणि ती कुठल्या अंगाने बाहेर पडेल ते सांगता येत नाही. ती मधली फट कागद भरून काढतो. आजोबा कागद जरासा ओलसर करून दोन वेढे द्यायचे, शेपटाला पीळ घालायचे आणि गोळ्या सुपात सावलीला ठेवायचे. वाळताना कागद आवळतो. वरून मेणाचा हात, तोही नावालाच.

आमच्या नळीला आत आटे नव्हते. आट्याच्या रायफलीत हाच कागद आणखी मोठं काम करतो, हे मला खूप पुढे वाचून कळलं. तिथे आटे कागदाला पकडून गोळीला फिरकी देतात, शिसं नळीला घासत नाही, आणि तोंडाशी येताच कागदाच्या चिंध्या होऊन तो गळून पडतो. तो गळायलाच हवा. गोळीला चिकटून राहिला तर नेम गेला. म्हणून कडा एकमेकींवर न चढवता तिरक्या कापून जोडतात. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर इथे 1874 साली आयर्लंड आणि अमेरिका यांचा सामना झाला. 800, 900 आणि 1000 यार्डांवर नेम धरायचा होता. अमेरिकेने तो 934 विरुद्ध 931 गुणांनी जिंकला. त्या काळच्या लांब पल्ल्याच्या नेमबाजांना कागदात गुंडाळलेली गोळी चांगली परिचयाची होती. इंग्रजांच्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या गोळीलाही कागदच असे.

आणि त्याआधीची ती 1853ची एन्फिल्ड. आपल्याकडे तिची चरबी सगळ्यांना ठाऊक आहे, कागद कुणाला आठवत नाही. तिचं काडतूस म्हणजे कागदाची नळकांडी. एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला कागदात गुंडाळलेली गुळगुळीत गोळी, आणि चरबी लावलेली त्या कागदावर. शिपायाने टोक दातांनी तोडायचं, दारू ओतायची, काडतूस उलटं करून गोळी कागदासकट नळीत घालायची, उरलेला कागद फाडून टाकायचा आणि गज मारायचा. चरबी होती ती कागद सुरळीत उतरावा म्हणून. बहरामपूरच्या 19व्या पलटणीने फेब्रुवारी 1857मध्ये काडतुसं नाकारली. ती तर जुन्या पद्धतीची होती, पण कागद निराळा दिसला आणि एवढ्यावर संशय पक्का झाला. 31 जुलैला आपल्या कोल्हापुरात 27वी पलटण उठली. उठावाची कारणं ढीगभर होती हे खरं. पण माणूस कागदाकडे निरखून बघतो तो उगाच नव्हे.

आम्ही मात्र निरखून बघितलं नाही.

वर्तमानपत्राचा कागद पावसाळी हवेत लिबलिबीत व्हायचा. आजोबांना हवा असायचा जुना, हातचा, घोटीव कागद. तो माळ्यावर होता. लाल फडक्यात बांधलेलं मोडीतलं दप्तर, पणजोबांच्याही आधीचं. घरात मोडी कुणालाच येत नव्हती. "हिशेबाची रद्दी ती," असं आजोबांना त्यांच्या चुलत्यांनी सांगितलेलं. दर चतुर्थीनंतर चार-सहा पानं खाली यायची. पट्ट्या मीच कापायचो. काळी शाई बोटांना लागायची त्याचं मला अप्रूप वाटे. बार झाला की धुमसते तुकडे भातात पडायचे, ते पायाने विझवायचं कामही माझंच.

आजोबा गेले. पुढे काही वर्षांनी व्हाळाकाठच्या कुणग्यांवरून भावकीत वाद लागला. सातबाऱ्यावर नावं एकत्र होती. जुनं वाटपपत्र असेल तर काढा, असं वकील म्हणाले. वडील माळ्यावर चढले आणि फडकं घेऊन खाली आले. आत अकरा पानं होती. मी कोनाड्यातला गोळ्यांचा डबा काढला. त्यात पाच गुंडाळलेल्या गोळ्या होत्या. वडिलांनी एकेक सदरा ओलवून हलक्या हाताने उतरवला आणि पट्ट्या परातीत पसरल्या. शेजारच्या गावातल्या एका निवृत्त गुरुजींना मोडी येत होती. त्यांनी दोन दुपारी घातल्या. अकरा पानं खरोखर हिशेबाचीच निघाली. नारळ, सुपारी, मीठ. पण एका पट्टीवर त्यांना "दक्षिणेस व्हाळ" एवढं लागलं, आणि दुसरीवर "निशाणी नांगर". जमीन कुठली, कुणाची, ते कापलेल्या भागात.

मी तिथेच उभा होतो. वडिलांनी माझ्याकडे बघितलं नाही, याचं मला अजून वाटतं.

शेवटी तडजोड झाली. पाचातले तीन कुणगे गेले. बंदूक आधीच जमा केली होती. त्या पाच गोळ्या वडिलांनी खाडीवरच्या एका मासेवाल्याला जाळ्यासाठी देऊन टाकल्या. पट्ट्या वकिलांच्या फायलीत गेल्या, त्या मागायला कुणी गेलं नाही.