ब-१२ जीवनसत्त्वाचे स्व-इंजेक्शन

ब-१२ जीवनसत्त्वाचे स्व-इंजेक्शन म्हणजे ब-१२ जीवनसत्त्वाची (कोबालमिन) दीर्घकाळ आवश्यकता असलेल्या रुग्णाने, डॉक्टरांनी ठरवून दिलेली मात्रा, रीतसर शिकून घेतल्यानंतर घरी स्वतःस टोचून घेणे होय. ज्यांच्या आतड्यांत या जीवनसत्त्वाचे शोषण होत नाही अशा रुग्णांना हा उपचार बहुधा आजन्म घ्यावा लागतो. त्यामुळे दवाखान्यावरील अवलंबन कमी करणे हा या पद्धतीचा मुख्य हेतू आहे.

इतिहास

पर्निशियस ॲनिमिया हा रक्तक्षयाचा प्रकार एकेकाळी प्राणघातक मानला जाई. १९२६ मध्ये जॉर्ज मायनॉट व विल्यम मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी रोजच्या आहारात भरपूर यकृत (काळीज) दिल्यास रुग्ण बरे होतात, असे दाखवून दिले. जॉर्ज व्हिपल यांच्यासह त्यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मायनॉट स्वतः मधुमेही होते व इन्सुलिनच्या इंजेक्शनांवर जगत होते. पुढे यकृताच्या अर्काची इंजेक्शने आली. १९४८ मध्ये अमेरिका व इंग्लंड येथे ब-१२ जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले, तर त्याची रेणुरचना डोरोथी हॉजकिन यांनी १९५० च्या दशकात उलगडली.

आवश्यकता

प्रौढ व्यक्तीस दररोज सुमारे २ ते २.५ मायक्रोग्रॅम ब-१२ पुरते. जठरात तयार होणाऱ्या ‘आंतरिक घटक’ या प्रथिनाच्या साहाय्याने ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते. पर्निशियस ॲनिमियात हा घटक मिळेनासा होतो. जठर किंवा आतड्याचा तो भाग शस्त्रक्रियेने काढल्यावरही शोषण खुंटते.

शुद्ध शाकाहारामुळे होणारी कमतरता याहून वेगळी आहे. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुण्यातील संशोधनातून भारतीयांमधील ब-१२ च्या कमतरतेकडे लक्ष वेधले गेले. अशा व्यक्तींचे शोषण शाबूत असल्याने त्यांना पुष्कळदा गोळ्या पुरेशा होतात. मोठ्या मात्रेच्या गोळीतील सुमारे १ टक्का भाग आंतरिक घटकाविनाही शोषला जातो. त्यामुळे स्वीडनमध्ये पर्निशियस ॲनिमियातही गोळ्यांचा वापर रूढ आहे. मात्र हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे अशी मज्जासंस्थेची लक्षणे असल्यास इंजेक्शनालाच प्राधान्य दिले जाते, कारण उपचारास विलंब झाल्यास ही हानी कायमची ठरू शकते.

औषध व मात्रा

भारतात सायनोकोबालमिन व मिथाइलकोबालमिन, तर ब्रिटनमध्ये हायड्रॉक्सोकोबालमिन प्रामुख्याने वापरतात. ब्रिटनमध्ये आरंभीच्या काही दाट मात्रांनंतर साधारणतः दोन ते तीन महिन्यांनी १ मिलिग्रॅम दिले जाते.

प्रशिक्षण व पद्धती

पहिली इंजेक्शने दवाखान्यातच दिली जातात, कारण क्वचित तीव्र ॲलर्जी उद्भवू शकते. त्यानंतर रुग्ण परिचारिकेचे पाहून शिकतो व तिच्या देखरेखीखाली स्वतः टोचतो. हात स्थिर झाल्यावरच त्याला घरी इंजेक्शन घेण्याची मुभा मिळते.

स्नायूत घ्यावयाच्या इंजेक्शनासाठी मांडीच्या मधल्या तृतीयांश भागाची बाहेरील बाजू निवडतात. ती रुग्णास दिसते व तेथे मोठ्या नसा किंवा रक्तवाहिन्या नसतात. कुल्ह्यावर स्वतः टोचणे टाळले जाते, कारण तेथे हात नीट पोहोचत नाही आणि सायटिक मज्जातंतूस इजा होण्याचा धोका असतो. काही रुग्णांना डॉक्टर पोटाच्या त्वचेखाली आखूड सुईने टोचण्याचा सल्ला देतात.

हात साबणाने धुणे, औषधाचे नाव व मुदत तपासणे, काचेची कुपी कापडाच्या आडून फोडणे, औषध ओढल्यावर सुई बदलणे आणि मांडीत सुई काटकोनात घालणे हे शिकवण्यातील मुख्य टप्पे आहेत. दर वेळी जागा बदलतात. टोचण्यापूर्वी मांडी सैल सोडल्यास वेदना कमी होते.

धोके व दक्षता

टोचलेल्या जागी दुखणे, रक्त येणे किंवा काळेनिळे पडणे हे सामान्य आहे. वाढती लाली, सूज किंवा ताप ही संसर्गाची चिन्हे होत. अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे किंवा श्वास लागणे ही आणीबाणी समजून तत्काळ रुग्णालय गाठावे लागते.

निदानाविना इंजेक्शन सुरू करणे हा वेगळा धोका आहे. एकदा इंजेक्शन घेतल्यावर रक्तातील ब-१२ ची पातळी दीर्घकाळ वाढलेली राहते व मूळ कारण शोधणे कठीण होते. केवळ फॉलिक आम्ल घेतल्यास रक्तक्षय सुधारतो, परंतु मज्जातंतूंची हानी आतल्या आत वाढू शकते. म्हणून इंजेक्शन घरी घेतले, तरी निदान, मात्रा व नियतकालिक तपासणी डॉक्टरांकडेच राहते.

सुयांची विल्हेवाट

सिरिंज व सुई एकदाच वापरावयाची असते. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा न बसवता ती जाड, न टोचणाऱ्या डब्यात टाकतात. ती घरच्या ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात गेल्यास सफाई कामगारांना इजा व संसर्ग होऊ शकतो. भरलेला डबा दवाखाना किंवा स्थानिक संकलन केंद्राकडे सुपूर्द केला जातो.