खाचरातलं शेवाळ आणि वजनाचा काटा

आवणीच्या दिवसांत त्र्यंबकेश्वराकडे जाणं झालं, तर ब्रह्मगिरीच्या पायथ्याची भातखाचरं जरा वाकून पाहा. साचलेल्या पाण्यावर हिरवट-निळी साय धरलेली दिसेल. आपण तिला शेवाळ म्हणतो, आणि बांधावर पाय घसरला की चरफडतो. या सायीची हकीकत मात्र ऐकण्यासारखी आहे.

फारसं खत न घालताही भात वर्षानुवर्षं पिकत राहतो, तो कसा? १९३९ साली पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की खाचरातलं नीलहरित शेवाळ हवेतला नत्र धरून ठेवतं.

शेवाळ म्हणायचं, पण हे खरे जिवाणूच. त्यांतला अ‍ॅनाबीना सूक्ष्मदर्शकाखाली अगदी देवळाबाहेर टांगलेल्या रुद्राक्षमाळेसारखा दिसतो. नत्राची टंचाई पडली, की माळेतला साधारण दर दहावा मणी जाड सालीचा होतो. गुरुजी, इथे थांबून मुलांना विचारा, असं का? नत्र धरणाऱ्या प्रथिनाला प्राणवायू सोसत नाही, आणि हा प्राणी तर उन्हात स्वतःच प्राणवायू सोडतो! म्हणून ते काम जाड भिंतीआड चालतं. युरिया भरपूर पडला, तर हे मणी तयारच होत नाहीत.

अशी प्रथिनं डोळ्यांना दिसत नाहीत. मग ती तोलायची. प्रथिनाचे तुकडे करतात, त्यांना विद्युत्भार देतात आणि निर्वात नळीतून पळवतात. हलका तुकडा आधी पोहोचतो, जड मागून. वेळेवरून वजन कळतं. एवढे मोठे रेणू न मोडता हवेत उडवण्याच्या युक्त्यांबद्दल जॉन फेन आणि जपानचे कोइची तानाका यांना २००२ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्याआधी वर्षभर, २००१ साली, जपानी शास्त्रज्ञांनी अ‍ॅनाबीनाच्या एका वाणाचा सारा जनुकसंच वाचून काढला होता. तुकड्यांची वजनं त्या यादीशी ताडली, की प्रथिनाचं नाव सापडतं.

मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात श्रीकुमार आपटे व त्यांचे सहकारी यांनी हाच काटा हाती घेतला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांनी अ‍ॅनाबीनाला मिथाइल व्हायोलोजेन दिलं, आणि कोणतं प्रथिन वाढलं, कोणतं खालावलं, ते तपासलं. नाव अवघड आहे खरं. पण पॅराक्वाट या तणनाशकातलं रसायन तेच.

बांधावर फवारलेलं औषध पावसाबरोबर कुठे उतरतं, हे तुम्हांला सांगायला नको. खालच्या खाचरात यंदा साय कशी धरली आहे, ते आवणीला जाल तेव्हा बघून या.